सूत्राआधी एक प्रश्न: सहावी ते आठवीच्या वर्गात संभाव्यतेची सुरुवात कशी करावी

शिकवायला लागल्यावर पहिल्या वर्षी मी संभाव्यतेच्या पहिल्याच तासिकेला फळ्यावर सूत्र लिहून टाकले होते: घटनेची संभाव्यता म्हणजे अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, नाण्याची आणि फाशाची दहा-बारा उदाहरणे सोडवली आणि जवळपास सगळ्यांची उत्तरे बरोबर आली. पुढच्या आठवड्यातील चाचणीत मी सहज म्हणून एक प्रश्न घातला: फुटबॉलच्या सामन्यात एखादा संघ जिंकण्याची संभाव्यता किती, हे एवढ्या माहितीवरून सांगता येईल का? बऱ्याच मुलांनी १/३ असे उत्तर लिहिले. जिंकणे, हरणे आणि बरोबरी अशा एकूण तीन निष्पत्ती, त्यांपैकी अनुकूल एक. मी शिकवलेले सूत्र त्यांनी अक्षरशः पाळले होते. ते सूत्र ज्या अटीवर उभे आहे ती अट मी तोंडी सांगून मोकळा झालो होतो, पण ती तपासून पाहण्याची वेळ मुलांवर एकदाही आणली नव्हती.

सर्व निष्पत्ती समसंभाव्य असल्या पाहिजेत, म्हणजे प्रत्येक निष्पत्ती मिळण्याची शक्यता सारखी असली पाहिजे, ही ती अट. नाणे आणि एकच फासा यांच्या उदाहरणांत ती आपोआप पूर्ण होते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि नेमक्या याच दोन वस्तूंनी आपण सुरुवात करतो. हा घटक पहिल्यांदाच शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी, तसेच घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी, मी आता ज्या क्रमाने शिकवतो तो क्रम येथे मांडला आहे. त्याला साधारण सहा ते आठ तासिका लागतात. वेळ कमी असेल तर शेवटचा खेळ सोडून द्यावा, पण दोन नाण्यांची तासिका मात्र सोडू नये.

पूर्वतयारी

दर दोन मुलांमागे दोन नाणी आणि दोन वेगवेगळ्या रंगांचे फासे लागतात. वर्गासाठी आतले दिसणार नाही अशी एक-दोन जाड कापडी पिशव्या, दोन रंगांचे मणी आणि बाटल्यांची काही झाकणे एवढे साहित्य पुरेसे होते. मणी सगळे एकाच आकाराचे घ्यावेत, नाहीतर हाताच्या स्पर्शाने रंग ओळखता येतो आणि सगळा प्रयोग फसतो. फासे खोक्याच्या झाकणात टाकायला सांगावेत, कारण तसे न केल्यास अर्धी तासिका बाकाखाली घरंगळलेले फासे शोधण्यात जाते. पत्त्यांचा जोड मी सुरुवातीला वापरत नाही. ५२ पत्ते, चार रंग, प्रत्येक रंगाची १३ पाने ही रचना सगळ्याच मुलांना माहीत असते असे नाही, आणि ज्यांना ती माहीत नसते त्यांना गणित न येता केवळ पत्त्यांचे अज्ञान नडते. त्याऐवजी क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वापरल्या तर काहीच समजावून सांगावे लागत नाही.

गणिती तयारी म्हणून सममूल्य अपूर्णांक, अपूर्णांकांची तुलना आणि शेकडेवारी एवढे हवे. यांपैकी तुलना कच्ची असेल तर आधी एक दिवस त्यासाठी द्यावा. पुढे अडखळणाऱ्या मुलांपैकी बरीचशी संभाव्यतेमुळे अडत नाहीत, तर २/५ मोठा की ५/१२ मोठा, हे न ठरवता आल्यामुळे अडतात.

पहिली पायरी: शब्दांना आकड्यांवर बसवणे

मुले शक्यतेची भाषा रोज बोलतात. ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘क्वचितच’, ‘शक्यच नाही’ हे शब्द फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येकाने, शेजाऱ्याला न विचारता, प्रत्येक शब्दापुढे ० ते १०० मधील एक संख्या लिहावी असे सांगावे. ‘नक्की’ला १०० आणि ‘शक्यच नाही’ला ० यावर एकमत होते. ‘बहुधा’पुढे मात्र ५५ पासून ९५ पर्यंत काहीही येते. हे आकडे फळ्यावर मांडले की, ‘मी बहुधा येईन’ असे दोघे म्हणाले तरी दोघांच्या मनात वेगवेगळे असू शकते, हे मुलांना दिसते, आणि शब्दांऐवजी संख्या का हवी याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

त्यानंतर ० ते १ अशी संख्यारेषा काढावी. डाव्या टोकाला अशक्य घटना, उजव्या टोकाला निश्चित घटना, आणि मध्ये १/२. काही विधाने देऊन मुलांना ती या रेषेवर ठेवायला सांगावीत: फासा टाकल्यावर ७ पडेल, फासा टाकल्यावर ७ पेक्षा लहान संख्या पडेल, १ ते १०० मधून न पाहता निवडलेली संख्या सम असेल, वर्गातील निदान कोणातरी दोघांचा जन्म एकाच महिन्यात झाला असेल. शेवटच्या विधानावर वाद होऊ द्यावा. वर्गात १३ किंवा अधिक मुले असतील तर ही घटना निश्चित आहे, कारण महिने बाराच आहेत, हे एखाद्या तरी मुलाच्या लक्षात येते, आणि ते त्याच्याच तोंडून यावे.

या पायरीवर एक समज हमखास वर येतो: ‘एकतर होईल, नाहीतर होणार नाही, म्हणजे शक्यता निम्मी.’ तो लगेच खोडून काढू नये. फळ्याच्या कोपऱ्यात तसाच लिहून ठेवावा आणि पुढे बाटलीचे झाकण हातात आल्यावर त्याकडे परत यावे.

दुसरी पायरी: आधी अंदाज, मग नोंद

आता नाणे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी वर्गाला एक काम देतो. अर्ध्या मुलांनी घरी नाणे खरोखर २० वेळा उडवून छापा की काटा ते क्रमाने लिहून आणायचे, आणि उरलेल्या अर्ध्यांनी नाण्याला हातही न लावता, मनानेच, खरी वाटेल अशी २० निकालांची यादी तयार करायची. कोणी काय केले ते कागदावर लिहायचे नाही. दुसऱ्या दिवशी मी कागद गोळा करून वर्गासमोर त्यांचे दोन गठ्ठे करतो, ‘खरे’ आणि ‘मनचे’, आणि बहुतेक वेळा माझे वर्गीकरण बरेचसे बरोबर निघते. मुलांना ही जादू वाटते.

युक्ती साधी आहे. मनाने यादी करणारी मुले सलग तीन छापे लिहिले की बिचकतात आणि काटा लिहितात, कारण सलग चार छापे त्यांना खोटे वाटतात. प्रत्यक्षात नाणे २० वेळा उडवल्यास सलग चार किंवा त्याहून अधिक सारखे निकाल कोठेतरी येण्याची संभाव्यता सुमारे ७७ टक्के आहे, म्हणजे चारपैकी तीन याद्यांमध्ये तशी रांग सापडायला हरकत नाही. मी फक्त तेवढेच पाहतो. एखादा कागद चुकीच्या गठ्ठ्यात गेला तर तेही मोकळेपणाने दाखवावे, कारण संभाव्यता शिकवणाऱ्याने शंभर टक्के खात्रीचा आव आणला तर ते विसंगत दिसेल.

या खेळाचा उपयोग केवळ करमणुकीपुरता नाही. सलग पाच छापे पडले की आता काट्याची ‘पाळी’ आली, हा समज मोठ्या माणसांमध्येही घट्ट रुजलेला असतो, आणि त्याच्यामागे नाण्याला मागचे आठवते अशी न बोललेली कल्पना असते. मुलांना विचारावे की, आधीचे पाच निकाल ज्याला माहीतच नाहीत अशा मित्राच्या हातात ते नाणे दिले तर काय होईल? या प्रश्नावर वर्ग थोडा वेळ शांत होतो.

पण यानंतर एखादे हुशार मूल अडचणीचा प्रश्न विचारते आणि तो टाळू नये: नाण्याला काही आठवत नसेल, तर मग शेवटी छापा आणि काटा निम्मे-निम्मे कसे होतात, कमी पडलेला भरून काढल्याशिवाय? येथे जॉन केरिच या गणितज्ञाची गोष्ट उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी नाणे १०,००० वेळा उडवून प्रत्येक निकाल नोंदवला. पहिल्या १०० फेकींत छापा ४४ वेळा पडला होता, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ ने कमी. सर्व १०,००० फेकींअखेर तो ५,०६७ वेळा पडला, म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ ने जास्त. तफावत ६ वरून ६७ वर गेली, वाढली, आणि तरीही छाप्याचे प्रमाण ४४ टक्क्यांवरून ५०.६७ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याच्या अगदी जवळ आले. आधीची तूट कोणी भरून काढली नाही. एकूण फेकी इतक्या वाढल्या की तफावत त्यांच्या मानाने नगण्य ठरली. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून मुलांनाच भागाकार करायला लावावा. माझ्या मते या घटकातील सर्वांत गैरसमज झालेली गोष्ट हीच आहे, आणि ती या दोन भागाकारांनी जितकी उलगडते तितकी कोणत्याही व्याख्येने उलगडत नाही.

वर्गातील प्रयोगात जोड्या कराव्यात. एकाने नाणे उडवायचे, दुसऱ्याने ताळ्याच्या खुणांनी नोंद करायची, आणि मध्येच अदलाबदल करायची. प्रत्येक जोडीने २० फेकी केल्यावर छाप्यांची संख्या फळ्यावर लिहावी. एखाद्या जोडीकडे ६ येतील, एखादीकडे १४. मग सगळ्या जोड्यांची बेरीज करून एकूण प्रमाण काढावे. ज्यांचे ६ आले ते ‘आमचे चुकले’ म्हणून आकडे खोडू पाहतात, तेव्हा त्यांना थांबवावे. त्यांचे काही चुकलेले नसते, आणि वर्गाच्या बेरजेत त्यांच्या ६ चीही गरज असते. नोंदीत फेरफार न करण्याची सवय येथेच लागली तर पुढे विज्ञानाच्या प्रयोगवहीतही ती उपयोगी पडते, हे जाता जाता.

तिसरी पायरी: ‘सगळ्यांना सारखी संधी आहे का?’

आता बाटलीचे झाकण काढावे. ते उडवल्यावर उताणे पडेल किंवा पालथे पडेल (क्वचित कडेवर उभे राहिले तर ती फेक मोजायची नाही, असे आधीच ठरवावे). दोनच निष्पत्ती, मग शक्यता निम्मी-निम्मी का? फळ्याच्या कोपऱ्यातले वाक्य येथे पुन्हा वाचावे. प्रत्येक जोडीने ५० फेकी कराव्यात. झाकणाच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्याचे वजन आणि कडा एका बाजूला असतात, त्यामुळे प्रमाण निम्म्यावर येईलच असे मानायला काही कारण नसते, आणि बहुतेक झाकणांच्या बाबतीत ते येतही नाही. झाकणाची संभाव्यता विचार करून सांगता येत नाही. ती फेकून, मोजूनच काढावी लागते. अशा संभाव्यतेला प्रायोगिक संभाव्यता म्हणतात, एवढे नाव येथे द्यावे.

नाण्याच्या आणि फाशाच्या बाबतीत मात्र सममितीवरून विचार करता येतो. फाशाची सहाही पृष्ठे एकसारखी असल्यामुळे त्यांपैकी एकाला अधिक संधी मिळण्याचे कारण दिसत नाही. तरीही, सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढता येत नाही असे खेळ खेळलेल्या मुलांचा ठाम समज असतो की ‘सहा अवघड असतो.’ हा समज कोठून येतो हे त्यांच्याबरोबर शोधावे. सहाची वाट पाहताना आपण सहाची तुलना तीनशी किंवा चारशी करत नसतो, उरलेल्या पाचही अंकांशी एकदम करत असतो. शिवाय सहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता सुमारे एक-तृतीयांश आहे, त्यामुळे ताटकळण्याचा अनुभव खराच असतो. त्याच खेळात तीनची वाट पाहावी लागली असती तर तीन तितकाच अवघड वाटला असता.

एवढे झाल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या किंवा चौथ्या तासिकेला, शब्द आणि सूत्र द्यावे. ज्या प्रयोगात सर्व संभाव्य निष्पत्ती आधी माहीत असतात, पण नेमकी कोणती मिळेल हे सांगता येत नाही, तो यादृच्छिक प्रयोग. सर्व निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश. त्यातील आपल्याला हव्या त्या निष्पत्तींचा गट म्हणजे घटना. सूत्राच्या वर एक ओळ लिहून ती चौकटीत ठेवावी: ‘सगळ्या निष्पत्तींना सारखी संधी आहे का?’ माझ्या वर्गात या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिल्याशिवाय सूत्र वापरायला परवानगी नसते. उत्तर ‘होय, कारण फाशाची पृष्ठे सारखी आहेत’ किंवा ‘नाही, झाकणाच्या बाजू वेगळ्या आहेत’ असे सकारण हवे. फुटबॉलच्या सामन्याचा प्रश्न येथे पुन्हा विचारला की मुले स्वतःच हसतात.

चौथी पायरी: दोन पिशव्या

पहिल्या पिशवीत १ लाल आणि २ पांढरे मणी आहेत, दुसरीत ३ लाल आणि ७ पांढरे. न पाहता एक मणी काढायचा आहे आणि लाल आला तर जिंकलात, तर कोणती पिशवी निवडाल? अनेक मुले दुसरी निवडतात, कारण तिच्यात लाल मणी जास्त आहेत. काहीजण पहिली निवडतात आणि तुम्हाला वाटते की त्यांना समजले, पण कारण विचारल्यावर कळते की त्यांनी वजाबाकी केली आहे: पहिलीत पांढरे एकनेच जास्त आहेत, दुसरीत चारने. उत्तर बरोबर, रीत चुकीची.

म्हणून लगेच दुसरी जोडी द्यावी: एका पिशवीत २ लाल, ३ पांढरे, तर दुसरीत ५ लाल, ७ पांढरे. वजाबाकी करणारे पहिली पिशवी निवडतात, कारण तेथे फरक १ आहे आणि दुसरीत २. अपूर्णांक काढले तर पहिलीत २/५ म्हणजे २४/६०, आणि दुसरीत ५/१२ म्हणजे २५/६०. दुसरी पिशवी सरस, जरी अगदी थोडक्याने. एवढा बारीक फरक प्रयोगाने दाखवण्याचा प्रयत्न करू नये, शेकडो वेळा मणी काढूनही तो ठळक दिसेलच असे नाही. गणित येथे डोळ्यांच्या आणि हातांच्या पुढे जाते, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

मणी काढल्यावर तो परत पिशवीत टाकायचा की बाहेर ठेवायचा, हे प्रत्येक वेळी स्पष्ट बोलावे. या वयात परत टाकूनच प्रयोग करावेत.

पाचवी पायरी: दोन नाणी

ही सर्वांत महत्त्वाची तासिका आहे आणि तिच्यात घाई करू नये. दोन सारखी नाणी एकदम उडवायची. किती प्रकारचे निकाल येऊ शकतात असे विचारले की वर्ग एकमुखाने सांगतो: तीन. दोन्ही छापे, दोन्ही काटे, आणि एक छापा एक काटा. तर मग ‘एक छापा एक काटा’ याची संभाव्यता? १/३, असे उत्तर येते, आणि आता मुलांना चौकटीतला प्रश्न आठवला पाहिजे. कोणी तो विचारला नाही तर तुम्ही विचारा, पण उत्तर देऊ नका. प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा आणि त्यानंतर प्रत्येक जोडीने दोन्ही नाणी ३० वेळा उडवून तीन रकान्यांत नोंद करावी.

वीस जोड्या असतील तर एकूण ६०० फेकी होतात. फळ्यावर बेरीज केल्यावर मधला रकाना इतर दोन्हींच्या जवळपास दुप्पट भरलेला दिसतो. मुले आधी नाण्यांना दोष देतात. मग कोणीतरी म्हणते, ‘तो दोन प्रकारे होतो.’ एका वर्षी हे सांगणाऱ्या मुलीला ते नीट पटवून देता येईना, कारण तिचा शेजारी पुन्हा पुन्हा म्हणत होता की, दोन्ही नाणी सारखीच आहेत, छापा यावर पडला काय आणि त्यावर पडला काय, दिसायला एकच. शेवटी तिने एका नाण्यावर पेनाने ठिपका काढला. आता ठिपक्याचे छापा व साधे काटा, आणि ठिपक्याचे काटा व साधे छापा, असे दोन वेगळे निकाल सगळ्यांना दिसू लागले. शेजाऱ्याने एकच प्रश्न विचारला: ठिपका काढल्याने नाणी पडण्याची रीत बदलली का? अर्थात नाही. मग ठिपका नसतानाही निकाल चारच होते, आपल्याला ते दिसत नव्हते एवढेच. हा संवाद मी आता मुद्दाम घडवून आणतो, आणि ठिपक्यासाठी पेन टेबलावर समोरच ठेवतो.

यानंतर वृक्षाकृती काढावी: पहिल्या नाण्याच्या दोन फांद्या, प्रत्येकीला दुसऱ्या नाण्याच्या दोन फांद्या, आणि टोकाला चार निष्पत्ती. दोन्ही छापे १/४, दोन्ही काटे १/४, एक छापा एक काटा २/४ म्हणजे १/२. वृक्षाकृती प्रयोगाच्या आधी काढली तर ती मुलांना आणखी एक पाठ करायची आकृती वाटते, प्रयोगानंतर काढली तर ती कोड्याचे उत्तर होते.

चुकलेल्या मुलांना धीर द्यायचा असेल तर दालाँबेर यांचा दाखला द्यावा. अठराव्या शतकातील या नामवंत फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशातील आपल्या लेखात दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३ धरली होती. त्यांचा युक्तिवाद असा: पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला, दुसरी फेक करण्याची गरजच नाही. म्हणून निकाल तीन, ‘छापा’, ‘काटा-छापा’ आणि ‘काटा-काटा’, आणि त्यांपैकी दोन अनुकूल. मुलांना विचारावे की चूक कोठे आहे. ‘छापा’ या एका निकालाला १/२ संधी आहे आणि उरलेल्या दोघांना १/४ – १/४, हे चौकटीतला प्रश्न विचारणाऱ्या सातवीच्या मुलाला सांगता येते. बरोबर उत्तर ३/४.

येथेच पूरक घटनेची कल्पना सहज देता येते. ‘निदान एक छापा’ मोजण्यापेक्षा ‘एकही छापा नाही’ मोजणे सोपे, ते १/४ आहे, म्हणून उरलेले १ − १/४ = ३/४. यासाठी वेगळी तासिका लागत नाही.

सहावी पायरी: फरकाचा खेळ

दोन फासे टाकायचे आणि मोठ्या अंकातून लहान वजा करायचा. फरक ०, १ किंवा २ आला तर पहिल्या खेळाडूला एक गुण, ३, ४ किंवा ५ आला तर दुसऱ्याला. दोघांच्या वाट्याला तीन-तीन फरक आहेत, मग खेळ न्याय्य आहे का? खेळायच्या आधी मत घ्यावे, मग पाच मिनिटे खेळू द्यावे. दुसऱ्या खेळाडूंची कुरकुर लवकरच सुरू होते.

त्यानंतर सहा ओळी आणि सहा रकान्यांचा तक्ता काढून प्रत्येक घरात फरक भरावा. फासे वेगवेगळ्या रंगांचे असल्यामुळे (लाल २, निळा ५) आणि (लाल ५, निळा २) ही दोन वेगळी घरे आहेत याबद्दल आता वाद होत नाही, ते काम दोन नाण्यांनी केलेले असते. ३६ घरांपैकी फरक ० सहा घरांत येतो, १ दहा घरांत, २ आठ घरांत, ३ सहा घरांत, ४ चार घरांत आणि ५ फक्त दोन घरांत. पहिल्या खेळाडूकडे २४ घरे, दुसऱ्याकडे १२. संभाव्यता २/३ आणि १/३.

आता खरा अभ्यास: फरकांची अशी वाटणी करा की खेळ न्याय्य होईल, म्हणजे दोघांकडेही १८ घरे येतील. अशा वाटण्या नेमक्या तीन आहेत. एकाकडे १ आणि २, दुसऱ्याकडे उरलेले चारही फरक. किंवा एकाकडे ०, १, ५ आणि दुसऱ्याकडे २, ३, ४. किंवा एकाकडे सगळे विषम फरक आणि दुसऱ्याकडे सगळे सम. पहिली वाटणी मुलांना विशेष आवडते, कारण दोन फरक विरुद्ध चार फरक अशी उघड अन्यायाची दिसणारी वाटणी प्रत्यक्षात चोख असते. आणखी वाटण्या का नाहीत, हे शोधायला उत्सुक मुलांना द्यावे.

ज्या वर्गाला हे झटपट जमते त्यांच्यासाठी तीन फाशांचा जुना प्रश्न आहे, जो गॅलिलिओने सोडवला होता. तीन फाशांची बेरीज ९ येण्याचे सहा प्रकार आहेत आणि १० येण्याचेही सहाच, तरीही अनुभवी खेळाडूंना १० अधिक वेळा पडतो असे दिसत होते. फाशांचा क्रम धरून मोजले की २१६ निष्पत्तींपैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ मिळतात. ३, ३, ३ हा प्रकार एकाच रीतीने घडतो, तर १, ३, ६ सहा रीतींनी.

तपासणी कशी करावी

‘फासा टाकल्यास सम संख्या पडण्याची संभाव्यता काढा’ यासारख्या प्रश्नातून मुलाला भागाकार येतो एवढेच कळते. त्याऐवजी चुकलेली उत्तरे देऊन चूक शोधायला सांगावी. ‘चक्रीवर लाल, निळा आणि पिवळा असे तीन रंग आहेत, म्हणून लाल येण्याची संभाव्यता १/३’ असे लिहून शेजारी निम्मा भाग लाल असलेली चक्री काढावी. ‘नाणे दहा वेळा उडवले, सात छापे पडले, म्हणून नाणे खोटे आहे’ या विधानावर मत विचारावे. (सात किंवा अधिक छापे पडण्याची संभाव्यता सुमारे १७ टक्के आहे, म्हणजे ही काही नवलाची गोष्ट नाही. तो आकडा मुलांनी काढावा अशी अपेक्षा नाही, वर्गाच्या नोंदी दाखवून त्यांनी उत्तर दिले तरी पुरे.)

हवामानाच्या अंदाजाचाही एक प्रश्न असावा. उद्या पावसाची शक्यता ६० टक्के सांगितली आणि पाऊस पडला नाही, तर अंदाज चुकला का? एका दिवसावरून ते ठरवता येत नाही. ज्या ज्या दिवशी ६० टक्के सांगितले होते, त्या सर्व दिवसांपैकी किती दिवस पाऊस पडला हे पाहावे लागेल. उत्तरात ‘एका दिवसावरून’ हे शब्द किंवा त्या अर्थाचे काही आले तर मी पूर्ण गुण देतो, मग पुढचे वाक्य कितीही अडखळत लिहिलेले असो.

झाकणाच्या प्रयोगाची नोंद मात्र तपासणीनंतर पुसू नये. आम्ही तेच झाकण एका पाकिटात ठेवले आहे आणि त्याच्यासोबत एकूण फेकी आणि उताण्या पडलेल्या फेकी लिहिलेला कागद असतो. पुढच्या वर्षीची तुकडी आपल्या फेकी त्याच कागदावर पुढे मिळवते आणि प्रमाण नव्याने काढते.